रन मोठा की कलर

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी, असे मात्र अनेकदा वाटले. नोकरीतील इतर प्रकरणे मी घरात सांगितली, निवृत्त सहकाऱ्यांच्या बैठकीत सांगितली. हे प्रकरण आजवर कोणाला सांगितले नाही. त्यातील बहुतेक माणसे आता हयात नाहीत. तरीही नावे देणार नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती. मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. मूळचा घाटावरचा असल्यामुळे खाडीकाठच्या गावांची बोली माझ्या कानाला नवी होती. ळ चा ल होतो आणि ड चा र होतो, एवढे हवालदाराने पहिल्या आठवड्यात सांगून ठेवले होते. तेवढ्यावर काम भागते, असा माझा समज होता.

एका मंगळवारी सकाळी हजेरी चालू असताना गव्हाणचे पोलीस पाटील वर्दी घेऊन आले. तिवरांच्या झुडपात प्रेत अडकले होते. मी दोन शिपाई आणि हवालदार घेऊन गेलो. ओहोटी लागली होती. मृत माणूस त्याच गावचा, वय तिशीच्या आसपास. त्याचा मचवा होता. मिठागरातले मीठ आणि पनवेलच्या गिरण्यांतला तांदूळ तो मुंबईला पोहोचवी. अंगावर मार नव्हता. बंडीच्या आतल्या खिशात मेणकापडाची पुडी होती. तीत पत्त्यांची पाच पाने होती. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. रंग वेगवेगळे.

हवालदार म्हणाला, “पाचच का, साहेब? जुगारी माणूस एक तर पत्त्यांचा पुरा जोड बाळगतो, नाहीतर काहीच नाही.”

मी पंचनाम्यात “खेळण्याचे पत्ते, नग पाच” असे लिहून घेतले आणि पुढे गेलो. त्या वेळी मला त्यात अधिक काही दिसले नाही. डॉक्टरांनी बुडून मृत्यू झाल्याचा दाखला दिला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. प्रेत ताब्यात देण्यात आले. संध्याकाळच्या आत अंत्यसंस्कार उरकले.

बुधवारी पाटील पुन्हा आले. या वेळी ते बाकावर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

“साहेब, आमच्या गावची गोष्ट हाय म्हनून राती बोल्लो नाय. काल सरनाजवल त्याचा सासरा छाती पिटत व्हता. सगल्यांच्या देखत बोल्ला, ‘मीच बुरवला याला, मीच बुरवला.’ पन्नास मानसांनी आयकलं.”

सासरा हा तरुणपणी परदेशी आगबोटींवर कोळसा घालण्याच्या कामावर होता. वीस वर्षे समुद्रावर काढून गावी परतला. बायको वारली होती. एकच मुलगी. तिच्यासाठी त्याने घरजावई आणला आणि साठवलेल्या कमाईतून घेतलेला मचवा त्याच्या हाती दिला. पाटील म्हणाले, तो मचवा जावयाने रविवारी पनवेलमध्ये पत्त्यांवर घालवला. बंदरावर त्याची चर्चा होती.

हेतू मिळाला. उद्गार मिळाला. साक्षीदार पन्नास. मी त्याच दिवशी दुपारी म्हाताऱ्याला ठाण्यात आणले.

मी विचारले, “जावयाचे काय केलेस?”

“मीच बुरवला त्याला.”

“कसा?”

“ते कशाला, साहेब? बुरवला. लिवा.”

त्यापुढे तो बोलला नाही. माराची भीती त्याला नव्हती आणि मीही मारले नाही. चहा दिला, तो प्यायला नाही. भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसून राहिला. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होते. म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कोठडी मागितली. खुनाचा गुन्हा नोंदवला. वरिष्ठांना तार केली. तीत “आरोपी कबूल” असे दोन शब्द होते.

त्याच्या मुलीचा जबाब मी स्वतः घेतला. ती विशी-पंचविशीची होती. कपाळ कोरे, डोळेही कोरे.

“सोमवारी मी मिठागरावं व्हते. दुपारी घरी आले तं तो निंगाला व्हता. मी बोल्ले, जेवून जा. बोल्ला, येऊन जेवतो. बा ओट्यावं मान खाली घालून बसलेला. मी इचारलं, काय जालं? कोनीच बोल्लं नाय. मंग घटकाभरानं बा पन उठला आन् निंगाला.”

“त्याच्या मागे?”

तिने माझ्याकडे पाहिले. प्रश्न कोठे जातो हे तिला कळले होते. तरी ती खोटे बोलली नाही.

“वाट तीच हाय, साहेब.”

तिचा अंगठा घेतला. जाताना तिने एवढेच विचारले, “माजा बा असं करल, असं तुमाला वाटतंय?” मी म्हणालो, “तो स्वतःच म्हणतो आहे.” रोज सकाळी ती भाकरी घेऊन येई आणि आवारातल्या चिंचेखाली बसे. बाप भाकरी परत पाठवी. मुलगी ती पुन्हा फडक्यात बांधून नेई.

तपासात कच्चे दुवे होते. ते मला दिसत होते आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. म्हातारा त्या दुपारी कोठे गेला, हे मी त्याला एकदाच विचारले. उत्तर आले नाही, तेव्हा पुन्हा विचारले नाही. कबुली मिळाली की पोलीस आळशी होतो. हे मी इतरांबद्दल अनेकदा बोललो आहे. येथे माझ्याबद्दल लिहितो.

शनिवारी सकाळी मुद्देमालाची तपासणी करताना ती पाच पाने पुन्हा हाती आली. वाळून ती वाकडी झाली होती. हवालदार म्हणाला, “आपल्याकडे जुगार म्हणजे तीन पानी. हा पाच पानांचा कुठला खेळ?”

कोठडीतून आवाज आला. “पोकर.”

तीन दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता. मी त्याला बाहेर काढून टेबलापाशी बसवले. मुद्देमाल खोलीत एका जुन्या जुगाराच्या खटल्यातील जोड पडून होता, तो मागवला.

“मला शिकव,” मी म्हणालो.

“तुमाला?”

“मला येत नाही. ज्या खेळात तुझा जावई हरला तो कसा असतो ते मला कळले पाहिजे.”

त्याने जोड हातात घेतला. त्याची बोटे कोळशाने कायमची काळी झालेली होती, पण पत्ते पिसताना ती बोटे तरुण माणसाची वाटली. हवालदाराने आवारातून ओंजळभर चिंचोके आणले. पैशाऐवजी ते वाटून घेतले. म्हातारा हवालदाराला आणि मला शिकवू लागला.

“सगल्यांनी मधी येकेक टाकायचा. तो टाकल्याबिगर पान नाय. आता पाच पाच वाटायची. उचला. बगा, पन तोंडावं काय दाखवू नका. हवालदार, तुमी हसताव.”

“चांगली पानं आली तर हसू नको?”

“म्हनून बोल्लो. आता साहेबांना समजलं तुमची पानं चांगली हायत. ते तुमच्यावं कशाला लावतील?”

मी माझी पाने खाली ठेवली. म्हातारा मान हलवून म्हणाला, “बगा. साहेब शिकले.”

मग त्याने पुढचे सांगितले. नको असलेली पाने एकदाच बदलून घेता येतात. त्यानंतर चाल सुरू होते. पुढच्याने लावले तर तितके लावायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून द्यायची. शेवटी दोघे उरले की उघडायचे. हवालदार प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसला आणि चार डावांत त्याचे चिंचोके संपले.

“पयलं टाकायला शिकायचं, हवालदार. लावायला कोनालाबी येतं. पानं टाकताना ज्याचा जीव जातो त्यानं बसूच नये. तुमी घरदार विकाल.”

“साहेब, आरोपी मला भिकेला लावतोय. डायरीत घेऊ?”

म्हाताऱ्याच्या ओठांवर काहीतरी आले आणि गेले. तो चांगला शिक्षक होता. घाई करत नसे आणि एक गोष्ट पक्की झाल्याखेरीज दुसरी सांगत नसे. आगबोटीवर त्याच्याकडून अनेकजण हा खेळ शिकले असतील.

मी मेणकापडातली पाच पाने टेबलावर मांडली.

“हा डाव कसा?”

उत्तर हवालदाराने दिले.

“हा रन की, साहेब. ओळीनं पाच. मोठा डाव. समोर पाचही एका रंगाची, म्हणजे कलर आला, तरी भ्यायचं नाही. रन मोठा, कलर लहान. दिवाळीत आम्ही खेळतो ना.”

“बरोबर आहे?” मी म्हाताऱ्याला विचारले.

त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. कडा जुळवल्या.

“नाय,” तो म्हणाला. “तीन पानांत रन मोठा. पाच पानांत कलर मोठा. उलटतं ते.”

“का?”

“तीन पानं येका रंगाची कोनालाबी येतात. पाच येत नाय.”

मग तो बोलू लागला. मी लिहून घेतले नाही. लेखणी हातात घेतली असती तर तो थांबला असता.

“पावसात मचवा वर काढलेला. काम नाय. तो बोल्ला, मामा, आगबोटीवला खेल शिकवा. आदी तीन पानी शिकवली, ती सोपी. लहान काय, मोठा काय, तेवरंच घोकून घेतलं. मंग पाच पानी. वाटायचं कसं, बदलायचं कसं, टाकायचं कवा, सगलं सांगतलं. रन आन् कलर उलटतात, तेवरं सांगायचं रायलं. आमी दोघंच खेलायचो. तसा डाव कदी परलाच नाय.”

“पुढे?”

“सोमवारी दुपारी आला. पानं म्होरं ठेवली. बोल्ला, मामा, मचवा गेला. पन माजा रन व्हता आन् त्यांनी कलर दाखवला. गिरनीवाले बोल्लं कलर मोठा. मोठा कोन, मामा? तुमी सांगा, मी मानतो.”

त्याने पंच्याने तोंड पुसले.

“मी समजलो साहेब, त्याच वेली समजलो. चूक माजी. पन त्याच्या म्होरं मी आगबोटीवला मानूस. मना काय म्हाईत नाय असं जालं नव्हतं कदी त्या घरात. तोंडातून निंगालं, रन मोठा. तुना फसवला त्यांनी. तो उठला. बोल्ला, आता जातो आन् मचवा घेऊन येतो. मी बसून रायलो. हाक मारायची व्हती. मारली नाय.”

नंतर घरात बसवेना म्हणून तो करंजाला एका जुन्या जहाजी सोबत्याकडे गेला. रात्र तेथेच काढली. मंगळवारी परत येताना वाटेत त्याला बातमी कळली.

“हे पहिल्या दिवशी का सांगितले नाहीस?”

“सांगतलं की. मीच बुरवला. तुमी इचारलं नाय, बुरवला म्हंजे काय.”

आधीच्या तीन दिवसांत जे व्हायला हवे होते ते मी त्यानंतर एका दिवसात केले. करंजाच्या बंदरावर माणूस पाठवला. सोमवारी संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना म्हातारा तेथे बसला होता आणि मुक्कामालाही तेथेच होता, असे सात जणांनी सांगितले. गिरणीच्या व्यवस्थापकाचा जबाब घेतला. रविवारी दुपारी गिरणीच्या कचेरीत चार-पाच प्रतिष्ठित मंडळी पोकर खेळत. त्या दिवशी एक गडी कमी होता, म्हणून मचवेवाल्याला बसवले. हातात रन आल्यावर त्याने मचवा लावला. कोणी त्याला अडवले नाही. व्यवस्थापक म्हणाला, “सोमवारी तो भांडायला आला. आम्ही नियमांचं पुस्तक काढलं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यात चित्रं आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत एकाखाली एक डाव छापलेले. त्यानं बोट ठेवून दोनदा मोजलं. आम्ही हसलो. तेवढं आमचं चुकलं, साहेब.”

सर्वांत शेवटी खाडीपार माणसे नेणारा तरीवाला सापडला. सोमवारी संध्याकाळी भरतीच्या वेळी त्याने मृताला पनवेल बंदराच्या टोकाला एकटाच उभा पाहिले होते.

“मी बोल्लो, चल, सोरतो पल्यार. तो बोल्ला, तू जा. मामांना भेटशील तं सांग, कलर मोठा असतो. मना वाटलं, असंल काय पत्त्यांचं. मंगलवारी सरनाजवल म्हातारा दिसला, म्हनून तिथंच निरोप दिला.”

“मग?”

“मंग तो वरडायलाच लागला. मीच बुरवला, मीच बुरवला.”

खून नव्हता. पाय घसरला की त्याने स्वतः पाणी जवळ केले, हे कोणालाही सांगता आले नसते. गिरणीतल्या मंडळींवर जुगार प्रतिबंधक कायद्याखाली खटला झाला आणि त्यांना दंड झाला. पैजेवर गेलेला मचवा कायद्याने गेलेला नसतो. तो विधवेच्या ताब्यात दिला.

राहिला म्हातारा. सोडण्याचा हुकूम होण्यापूर्वी त्याने एक विनंती केली. “लेकीला हे सांगू नका. बापानं खोटं सांगून मारला, ते तिला आयकवनार नाय.” मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

अंतिम अहवाल मला लिहायचा होता. नियमात दोन वाटा होत्या. गुन्हा घडलेलाच नाही, नोंद तपास अधिकाऱ्याच्या गैरसमजातून झाली, असे लिहून प्रकरण बंद करता येत होते. सत्य तेच होते. त्यासाठी म्हाताऱ्याने मुलीला सांगू नका म्हटलेली गोष्ट उघड करण्याची गरज नव्हती. परंतु “आरोपी कबूल” अशी तार मी केली होती. खुनाचे कलम मी लावले होते. एका शब्दाचा अर्थ न विचारता मी एका वृद्धाला कोठडीत ठेवले, हे मला स्वतःच्या अक्षरात लिहावे लागले असते. मी अर्धा दिवस कागद पुढे घेऊन बसलो. मग लिहिले : “पुराव्याअभावी आरोपीस मुक्त करावे.”

त्यातही खोटे काही नव्हते. वरिष्ठांनी शेरा न मारता सही केली.

पाटलांनी तो हुकूम गावच्या चावडीवर वाचून दाखवला. मुलगी तेथे होती. तिने विचारले, “पुराव्याअभावी म्हंजे काय?” पाटलांनी त्यांना समजला तसा अर्थ सांगितला : केलं असंल, पन दाखवता येत नाय. हे मला पाटलांनीच नंतर सांगितले. आपण बरोबर सांगितले ना, असेही विचारले. मी त्या वेळी दुसऱ्या कामात असल्याचे दाखवले.

पुढील वर्षी बंदोबस्तासाठी करंजाला गेलो होतो. सकाळची वेळ होती. बांबूंच्या मांडवांवर मासळी वाळत घातली होती आणि म्हातारा त्यांच्याखाली बसून दुसऱ्याची जाळी सांधत होता. मला पाहून उठला. रामराम केला.

“गव्हाणला नाहीस?”

“नाय साहेब. लेकीनं दार लावलं. भाकरी आनायची ना तुमच्या ठान्यात, तवा तिला वाटायचं, बापानं नाय केलं. कागद आयकला आन् फिरली. तिचं चुकलं नाय. कागद सरकारी.”

“मी जाऊन तिला सांगतो.”

“काय सांगशाल? खून नाय केला, मग केलं काय, ते इचारल ती. नको. आसंच बरं हाय.”

त्याने नको म्हटले आणि मला बरे वाटले. ती गोष्ट मी येथे लपवत नाही.

या प्रकरणानंतर मी कोणताही जबाब घेताना प्रत्येक संशयास्पद शब्दापाशी थांबू लागलो. म्हणजे काय, असे विचारल्याखेरीज पुढे गेलो नाही. हाताखालच्या माणसांनाही तीच शिस्त लावली. तपासाची पद्धत म्हणून ही गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि नवीन अधिकाऱ्यांनी ती अवश्य शिकावी. परंतु या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच नव्हे. म्हाताऱ्याला आपली चूक जावयापुढे कबूल करता आली नाही, त्याला क्षणभराचा अवधी मिळाला होता. मला अर्धा दिवस मिळाला होता. त्याने आपल्या अपराधाला पहिल्या दिवसापासून नाव दिले. मी माझ्या अपराधाला सरकारी शब्द शोधला.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. त्या दिवशी करंजाहून परतताना गव्हाणचा फाटा लागला. तेथून चावडी पायी अर्ध्या तासावर होती. त्या अहवालात दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार त्या दिवशीही माझ्याकडे होता. मी गाडी थांबवली नाही.